दुखवट्याची किटली

किटलीकाकू घराबाहेर पडल्या की आमच्या गल्लीतली माणसं आधी त्यांच्या हाताकडे पाहत, तोंडाकडे नंतर. हातात पिशवी असली तर "काय काकू, बाजाराले का?" अशी मोकळी चौकशी व्हायची. हातात किटली असली की बोलणं तिथंच थांबायचं आणि कोणीतरी हळूच विचारायचं, "कोण गेलं?" चहाची किटली दिसल्यावर जिला मरण आठवतं अशी ती गल्ली मेहकरची, आणि माझी. तिच्याविषयी मी चांगलं बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. गॅस आला, तरी नियम चुलीचाच. गावोगावहून आलेल्या सोयऱ्यांना, रडून दमलेल्या बायांना, तिरडीची जमवाजमव करणाऱ्या पुरुषांना चहा लागतो, आणि तो शेजारच्या घरून यायचा असतो. शेजारच्या म्हणजे नेमक्या कोणाच्या, हे कुठेच ठरलेलं नसतं. आमच्या गल्लीत ते काकूंनी ठरवून टाकलं होतं. पलीकडून रडण्याचा आवाज आला की त्या आधी चहाचं आधण ठेवायच्या आणि मग डोळ्याला पदर लावायच्या. आता ती कटकट उरलेली नाही. कोणी गेलं की टपरीवाल्याला फोन जातो, कागदी कपांची चळत येते, आणि गल्लीच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं पडतात.

किटली चिनी मातीची होती. रंग सायीसारखा, पोटावर निळ्या फुलांची एक वेल, तीही घासून घासून अर्धी पुसलेली. अंगाने गोल आणि बुटकी, काकूंच्याच वळणाची. झाकणाची गुंडी कधीतरी फुटली होती. तिथे काकूंच्या यजमानांनी, म्हणजे मास्तरांनी, वाफेच्या भोकातून तार ओवून एक लाकडी मणी बसवून दिला होता. कानाला चिंधी गुंडाळलेली, म्हणजे हात भाजत नसे. सुंदर म्हणावं असं तिच्यात फार काही नव्हतं, पण तिची तोटी मात्र अशी बेतशीर होती की शेवटच्या कपापर्यंत एक थेंब खाली ओघळायचा नाही. दुःखाच्या घरी सतरंजीवर चहा सांडून चालत नाही, असं काकू म्हणायच्या.

ती वापरण्याची त्यांची एक रीत होती. आधी किटलीत नुसतं उकळतं पाणी ओतायचं, जरा वेळ ठेवायचं, फेकायचं, आणि मग त्यात चहा गाळायचा. "आधी हिचं पोट शेका लागते," त्या सांगायच्या, "थंड्या पोटात गरम चाय टिकत नाही." वरून लोकरीचं टोपडं. ते टोपडं खरोखरच त्यांच्या मुलाचं, विवेकचं, लहानपणीचं होतं. बाजूची शिवण उसवून त्यातून तोटी आणि कान बाहेर काढले होते. एवढं केल्यावर गल्लीच्या त्या टोकाच्या घरी पोचेपर्यंत, आणि तिथे पहिला हंबरडा ओसरेपर्यंत, चहा वाफाळता राहायचा. घरोघरच्या स्टीलच्या किटल्यांना ते जमत नसे. म्हणून हे काम कायमचं काकूंच्या गळ्यात पडलं.

माझे वडील गेले तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. आई पाण्याचा घोटही घेत नव्हती. काकू आल्या, तिच्याजवळ मांडी घालून बसल्या, बशीत चहा ओतला आणि बशी तिच्या ओठाला लावली. "पी बाई. रडून रडून तोंड खारं होते, म्हणून साखर जरा जास्त टाकली." आई दोन बशा चहा प्यायली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे आईला ते आठवलं नाही.

त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, "काकू, परत याल ना?" त्यांनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "असं म्हणू नाही वर्षा. दुःखाच्या घरी कोणी कोणाले 'या' म्हणत नाही, अन् तिथून निघतानी 'येते' म्हणत नाही. गुमान उठून जा लागते." तशा त्या गुमान उठून गेल्या. संध्याकाळी भरलेली किटली घेऊन पुन्हा दारात उभ्या होत्या.

या उपकाराची गल्लीने फेड केली ती अशी, की त्यांना किटलीकाकू हे नाव ठेवलं आणि किटलीला अपशकुनी ठरवलं. कोपऱ्यावरचे एक म्हातारे बरेच दिवस तापाने पडून होते. काकू किटली घेऊन त्यांच्या घरावरून पुढच्या घरी निघाल्या, तर खिडकीतून त्यांनी आरोळी ठोकली, "काऊन इकडे आली ही? मी अजून जित्ता आहो!" काकू थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या नावाचं आधण अजून ठेवलं नाही मी, भाऊजी. निजा." गल्ली चार दिवस हसली. पण त्याच दिवसापासून आजारी माणूस असलेल्या घरांनी काकू दिसल्या की दार लोटून घ्यायला सुरुवात केली.

काकूंना हे कळत होतं. किटली पुसून फळीवर ठेवताना एक वाक्य हमखास यायचं, "हिले एकदा गोडाच्या कामाले नेली पायजे." मास्तर बीबी गावच्या शाळेत होते तेव्हा तिथल्या बाजारातून, बरण्या विकणाऱ्या गाडीवरून, विवेकच्या बारशासाठी त्यांनी ती आणली होती. म्हणजे किटलीचा जन्म बारशाचा. "तिले काय समजते, मयत काय अन् बारसं काय?" काकू म्हणायच्या. "तिच्यात जे ओतलं ते ती गरम ठेवते." म्हातारपणात त्यांनी मागितलं असेल तर एवढंच मागितलं, आणि तेसुद्धा कोणाच्या तोंडावर नाही.

माझ्या भावाला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी काकू सकाळीच आल्या, धुतलेलं लुगडं नेसून. हातात किटली. सोडा लावून घासल्यामुळे ती निळी वेल कधी नव्हे ती उठून दिसत होती, आणि डोक्यावर नवंकोरं गुलाबी टोपडं होतं, त्यांनी विणलेलं. मला म्हणाल्या, "वेलदोडा टाकला आज. दुःखाच्या चायमंधी मी कधी टाकत नाही." चेहरा इतका उजळला होता की मला उगाचच भीती वाटली.

माझ्या वहिनीची, बाळाच्या आईची, काहीच हरकत नव्हती. पण समोरच्या घरातल्या मामी, ज्यांचा त्या बाळाशी शेजारापलीकडे संबंध नाही, त्या उठल्या. चहापेक्षा किटली गरम म्हणतात ते असं. "द्या काकू, जड असंल," असं गोड बोलून मामींनी दारातच किटली त्यांच्या हातातून घेतली आणि मागच्या दाराकडे गेल्या. आईने ते पाहिलं आणि पाळण्याची दोरी नीट करायला लागली.

काकू पाळण्याजवळ बसल्या. पाळणा म्हटला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मग चहा आला, आचाऱ्याच्या थर्मासमधून, कागदी कपात. काकूंनी कप घेतला, एक घोट घेतला, आणि इकडेतिकडे पाहायला लागल्या. थोड्या वेळाने उठून त्या मोरीकडे गेल्या. मी मागे गेले. किटली मोरीत पालथी पडली होती, गुलाबी टोपडं ओलं होऊन बाजूला, आणि जाळीवर चहाचा तांबडा ओघळ.

"अद्रक जास्त झाली होती का?" त्यांनी मला विचारलं.

खोटं बोलणं मला जमलं नाही. मी म्हणाले, "कोणी चाखलाच नाही काकू. मामींनी ओतून दिला."

"ओतू दे. गोड होती. मुंग्या तरी येतीन." त्यांनी पदराने किटली पुसली आणि मागच्या दारानेच गेल्या.

त्या दिवशी मी आईशी भांडले. "बाबांच्या वेळी तू ह्याच किटलीतला चहा प्याली ना?" आई म्हणाली, "मले काऊन समजत नाही? पण चार बायका काय म्हणतीन?" आमच्या गल्लीत या चार बायका नेमक्या कोणत्या, हे मला आजवर कळलेलं नाही. प्रत्येक घर बाकीच्या घरांकडे बोट दाखवतं. मला तेव्हा आईची शरम वाटली आणि अजून वाटते.

पुढे मामींच्या सासूबाई वारल्या. पहिली किटली कोणाची गेली असेल? मी काकूंना दारात अडवलं. "तिच्या घरी? तिनं तुमचा चहा मोरीत ओतला!" काकूंनी मला बाजूला सारलं. "रडणाऱ्याचं तोंड पाहा लागते पोरी, नाव नाही." मामी तीन कप चहा प्यायल्या. वेलदोडा नव्हता, साखर जास्त होती.

मग मास्तर गेले. फाल्गुनातली सकाळ होती, झोपेतच गेले. मी तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या उंद्रीच्या शाळेत शिकवत होते. निरोप मला उशिरा कळला आणि बस मिळून घरी पोचेपर्यंत दुपार झाली. विवेक पुण्याहून निघाला होता, त्याला संध्याकाळ होणार होती. अंगण माणसांनी भरलेलं. उंद्री काकूंचं माहेर, तिथली माणसं सकाळपासून भिंतीला टेकून बसली होती, तोंडं सुकलेली. गल्लीतल्या सगळ्या बाया होत्या. माझी आई होती, मामी होत्या. काकू मात्र मास्तरांच्या उशाशी नव्हत्या.

त्या स्वयंपाकघरात होत्या. गॅस पेटलेला होता. त्या किटलीचं पोट शेकत होत्या.

"काकू, हे काय करता?" मी ओरडलेच. "सरा. मी आमच्या घरून आणते."

"आता आधण आलं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता. "सकाळपासून वाट पाह्यली. कोणाच्याच घरची चाय येऊन नाही राह्यली. माह्या भावाचे लेकरं उपाशी बसून आहेत. मास्तर असते तं म्हणले असते, पाहुण्याले चाय तरी दे."

घरात नवऱ्याचं मयत, आणि त्या बाईने स्वतःच्या हाताने चहा गाळला, अंगणात आणला, एकेकाच्या कपात ओतला. एक थेंब सतरंजीवर पडला नाही. मला वाटलं, आता तरी कोणी लाजेल. कोणी नाही लाजलं. सगळ्यांनी चहा घेतला. मामींनी घेतला, आईने घेतला. मी घेतला नाही.

आईला मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "मले वाटलं मामी आणतीन." मामींना विचारलं, तर म्हणाल्या, "मले वाटलं तुही आई आणंल." इतक्या वर्षांत चहा आपोआप येतो अशीच सवय लागलेली, त्यामुळे तो कोणाला तरी करावा लागतो हे एकीच्याही ध्यानात आलं नाही. मला हे कारण पुरत नाही. ध्यानात आलं असतं तरी त्या घरात पहिला कप घेऊन जायला कोणी धजावलं नसतं, कारण पुढच्या मयताला गल्लीने तिच्याच तोंडाकडे पाहिलं असतं. आणि मास्तरांना अग्नी देऊन माणसं परत येईपर्यंत गल्लीत बोलणं सुरू झालं होतं, "मयत घरात, अन् हिनं गॅस पेटवला बाई. लग्नासारखी चाय वाटली." बोलणाऱ्यांच्या पोटात तो चहा अजून जिरला नव्हता.

तेरवी झाल्यावर विवेक काकूंना पुण्याला न्यायला निघाला. घराला कुलूप लागलं. काकूंनी किटली आमच्या ओट्यावर माझ्या हातात दिली, कोरडी करून, तेच गुलाबी टोपडं घालून. "तुले ठेव," एवढंच म्हणाल्या.

गल्लीतल्या बाया निरोपाला आमच्या ओट्यावर जमल्या होत्या. काहीजणी डोळे पुसत होत्या, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. "या बरं काकू परत," एक म्हणाली. "करमन नाही आमाले," दुसरी म्हणाली. काकूंनी प्रत्येकीच्या दाराकडे एकदा पाहिलं. त्या गुमान गाडीत बसल्या, काच वर केली, आणि गाडी वळून दिसेनाशी झाली.

मामींना ते लागलं. "पाहा बाई," त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षाचा शेजार, अन् साधं 'येते' म्हणून नाही गेली."

मी म्हणाले, "मामी, मयताच्या घरून निघताना 'येते' म्हणतात का?"

"कोणाचं मयत?" मामी विचारायला लागल्या. "आता कोणाचं मयत, वर्षा?"

मी काकूंसारखंच गल्लीतल्या एकेका दाराकडे पाहिलं. आईने मान खाली घातली आणि ती आत गेली. मग एकेक बाई उठली आणि आपापल्या घरी गेली. 'येते' कोणीच म्हणालं नाही.