विरोधी आमदाराच्या गळ्यातली गाठ

मिरजेत डॉक्टर झालो, अमेरिकेत पंचवीस वर्षं सर्जरी केली आणि साठीला टेकल्यावर, इराकची लढाई चालू होती त्या वर्षांत, तिथल्याच एका राज्याच्या विधानसभेत निवडून आलो. ऑपरेशन थिएटरमध्ये हात पुढे केला की हवं ते हत्यार हातात पडायचं. इथे हात पुढे केला की लोक तो नुसता हलवून पुढे जायचे.

मी एकच बिल घेऊन गेलो होतो, मोटारसायकलवर हेल्मेटसक्तीचं. फुटलेली डोकी मी पुरेशी पाहिली होती. समितीत बिलाचं भवितव्य एका मतावर अडलं होतं. सगळ्यात कडवा विरोधक एक शेतकरी आमदार, स्वतः मोटारसायकलवाला. माझ्या बिलाच्या चिंधड्या उडवता उडवता तो पाणी प्यायला थांबला, आणि घोटाबरोबर त्याच्या गळ्यातली गाठ वर सरकून खाली आली. त्याचं पुढचं भाषण मी ऐकलंच नाही.

घरी बायकोला सांगितलं. "अहो, आत्ता नका बोलू," ती म्हणाली. "व्होटिंग पुढच्या महिन्यात आहे. तो हॉस्पिटलमध्ये गेला तर तुमचं बिल पास होतंय. त्याला ट्रिकच वाटणार."

तिचं खरं होतं. अशी गाठ महिनाभर थांबतेही. पण दुसऱ्या दिवशी तो समोर बसला आणि मला त्याच्या गळ्याशिवाय काही दिसेना. सांगून टाकलं. तो हसला. "मला घरी बसवायची आयडिया चांगली आहे, डॉक्टर." माझं डोकंच फिरलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या डॉक्टरला दाखवा. पण दाखवा!" मी जवळजवळ ओरडलोच.

कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. मतदानाच्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी होती आणि, खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. नावं पुकारायला सुरुवात झाली तेवढ्यात दार उघडलं. गळ्याला पट्टी लावलेला तो आत आला, जागेवर बसला आणि बसक्या आवाजात "नाही" म्हणाला. मतं बरोबरीत आली, म्हणजे बिल पडलं.

नंतर त्याने माझा हात धरला. "तुमच्यामुळे वाचलो," म्हणाला. "पण मी माझ्या लोकांना शब्द दिला होता." मला त्याचा भयंकर राग आला. तरी त्याची पट्टी जरा बाजूला करून मी जखम पाहिली. टाके सुरेख घातले होते. तसं त्याला सांगितलं.

बाहेर बर्फ वितळायला लागला होता. आता आठवड्याभरात लोक गॅरेजमधून मोटारसायकली बाहेर काढणार होते.