मळलेली कड

श्रीकृष्ण टेंबे यांना कॉम्प्युटर कुठून सुरू करतात हे धड ठाऊक नव्हतं, आणि तरी खजूरी बाजारात कॉम्प्युटरची पुस्तकं निवडून द्यावीत ती टेंब्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. यात हसण्यासारखं काही नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी करण्यात जन्म गेला की माणसाला पुस्तकं न वाचताही कळायला लागतात. निदान तसं वाटायला तरी लागतं, आणि टेंब्यांना ते चांगलंच वाटत होतं.

त्यांची रीत साधी होती. एखादा कॉलेजवाला येऊन म्हणायचा, "अंकल, डेटाबेस सीखना है, अच्छीवाली किताब दो." टेंबे चार-पाच पुस्तकं काढायचे, ती न उघडता आडवी धरायचे आणि पानांची कड दाखवायचे. "ये देखो भिया, शुरू में काली, आगे सफेद. मतलब लेनेवाले ने दो पाठ पढ़े और हाथ जोड़ लिए. और ये देखो, आखिर तक मैली. ये पढ़ी गई है. ये ले जाओ." कोऱ्या कडेच्या पुस्तकाला ते विचारतच नसत. लोकांच्या बोटांनी जे पास केलं ते पास, बाकी सगळी रद्दी. रीत वाईट नव्हती हो. वर्षानुवर्षं पोरं त्यांच्या हातची पुस्तकं नेऊन परीक्षा पास झाली, नोकरीला लागली आणि पेढे घेऊन दुकानात आली. मग डोक्यात थोडी हवा शिरणारच.

लालबाग राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. बायको आधीच गेली होती. मग मुलगा प्रणव डेंग्यूनं गेला. दवाखान्यात आपल्या पायांनी चालत गेलेला पोरगा, परत आला तो गाडीतून, पांढऱ्या चादरीखाली. घरात उरले टेंबे, सून अनुश्री आणि नात स्पृहा. अनुश्रीचा भाऊ सुजय खंडव्याला असतो. दिवस झाले तेव्हाच तो म्हणाला होता, ताईला आणि पोरीला मी घेऊन जातो. अनुश्रीच अडून बसली. "बाबा एकटे काय करतील? मी इथेच नोकरी बघते."

नोकरी मिळाली, पण हंगामी. तुकोगंजातल्या एका क्लिनिकात पेशंटांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या. डॉक्टर म्हणाले, डेटाबेसचं, म्हणजे या नोंदी साठवायचं-सांभाळायचं काम शिकून घेतलंत तर दिवाळीनंतर पक्कं करू, नाहीतर दुसरं कुणी बघू. म्हणजे हिशेब सरळ होता. अनुश्री शिकली तर घर भरलेलं राहणार. नाही शिकली तर ती आणि स्पृहा खंडव्याला, आणि टेंबे भिंतींशी बोलायला मोकळे.

"बाबा, क्लासचं मला जमणार नाही, स्पृहाला कुठे ठेवू?" अनुश्री म्हणाली. "तुम्ही सगळ्या दुनियेला पुस्तकं देता. एक मला पण आणून द्या ना, चांगलंसं."

टेंब्यांनी त्या दिवशी दुकानात जेवढा वेळ घालवला तेवढा कुठल्या गिऱ्हाइकासाठी घालवला नसेल. अख्खा कप्पा खाली उतरवला. एकेक पुस्तक उजेडात नेऊन त्याची कड बघितली. शेवटी एक जाडजूड, पुठ्ठा खिळखिळा झालेलं, कॉलेजच्या कितीतरी पोरांच्या हातांतून फिरलेलं पुस्तक निवडलं. कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काळीकुट्ट. मालकानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ये बेचने की नहीं है. घर की है."

अनुश्रीनं प्रणवच्या जुन्या लॅपटॉपवर, पुस्तकात सांगितलं होतं तेच सॉफ्टवेअर बाजारातून टाकून आणलं आणि जी मान खाली घातली ती घातलीच. एक डोळा फोडणीवर, एक पुस्तकात. पानांवर हळदीची बोटं उमटली. टेंबे ते बघून मनातून खूश व्हायचे. पोरीची मेहनत बघून कुणालाही भरून आलं असतं.

"बाबा, यात एक मस्त चीज आहे," ती एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "नोंदी खोडल्या तरी त्या लगेच खोडल्या जातच नाहीत. आपण 'कमिट' म्हणेपर्यंत सगळं कच्चंच असतं. आधी खोडायचं, बघायचं, आणि गडबड वाटली तर 'रोलबॅक' म्हणायचं. सगळं जागच्या जागी. म्हणजे चूक झाली तरी डर नाही."

"वा," टेंबे म्हणाले. "असं घरात पण हवं होतं." आणि मग दोघांनाही प्रणव आठवला.

ती सवय तिच्या बोटांत बसली. खोडा, बघा, चुकलं तर परत आणा. घरच्या लॅपटॉपवर ती हे रोज करायची आणि रोज सगळं परत यायचं.

नवरात्राच्या आसपास डॉक्टरांनी तिला सांगितलं, एकेका पेशंटच्या दोन-दोन नोंदी झाल्यात, जास्तीच्या काढून टाका. तिला पक्कं करायच्या आधीची ही परीक्षाच होती. अनुश्रीनं कॉम्प्युटरला तसा हुकूम लिहिला, पण त्यातली एक अट लिहायची राहिली. जास्तीच्या नोंदींबरोबर जुन्या पेशंटांच्या सगळ्या नोंदी उडाल्या. कुणाला कुठलं औषध चालत नाही, कुणाचं कधी काय ऑपरेशन झालं, सगळं गेलं. काउंटरवरची बाई ओरडली. अनुश्री मात्र घाबरली नाही. तिनं शांतपणे 'रोलबॅक' टाइप केलं.

काहीच परत आलं नाही.

तिनं पुन्हा टाइप केलं. डॉक्टर येऊन मागे उभे राहिले तरी ती तेच टाइप करत होती आणि म्हणत होती, "सर, एक मिनिट, सब वापस आता है." बॅकअप ठेवायचं काम ज्याचं होतं त्यानं ते केव्हाच सोडून दिलं होतं. त्या महाशयांना कुणी अवाक्षर बोललं नाही. अनुश्रीकडून मात्र लिहून घेतलं की हे माझ्या निष्काळजीपणामुळे झालं, आणि तिला घरी पाठवलं. मोठ्या माणसांचा हा न्याय काही नवा नाही, पण चीड यायची ती येतेच.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "बाबा, माझ्या डोक्याचं काम नाही हे. मलाच समजलं नसेल." टेंब्यांनी तिची समजूत घातली, पण खरं सांगायचं तर त्यांनाही मनातून तसंच वाटलं. पुस्तक कसं चुकेल? कड शेवटपर्यंत काळी होती. हे वाटणं त्यांना पुढे फार छळणार होतं. सुजयचा फोन आला. स्पृहाची वार्षिक परीक्षा झाली की दोघींना न्यायचं ठरलं, आणि या वेळी अनुश्री अडून बसली नाही.

संक्रांतीनंतर दुकानात यशवर्धन आले. नागपूरकडचे, राऊच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला नव्यानं आलेले. मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून दुकानात रेंगाळायचे. टेंब्यांना राहवलं नाही. त्यांनी ते पुस्तक घरून आणून ठेवलं होतं, ते पुढे केलं आणि झालं तसं सगळं सांगितलं.

यशवर्धननी पुस्तक चाळलं. "काका, पुस्तक उत्तम आहे," ते म्हणाले. "पण हे एकाच कंपनीच्या डेटाबेसचं आहे. तुमच्या सूनबाईंच्या क्लिनिकात कुठला होता?"

टेंब्यांना काय माहीत. डेटाबेस वेगवेगळे असतात हेच ते पहिल्यांदा ऐकत होते.

"यात तुम्ही म्हणेपर्यंत काही पक्कं होत नाही," यशवर्धन म्हणाले. "छोट्या दवाखान्यांत, दुकानांत बहुतेक दुसराच असतो. त्यात 'कच्चं ठेव' असं आधी वेगळं सांगावं लागतं, नाहीतर एंटर मारलं की झालं पक्कं. त्यांना हे कुणी सांगितलंच नसणार. पुस्तक निवडताना सगळ्यात आधी तेच बघायचं असतं, काम कशावर करायचंय."

"पण शेवटपर्यंत वाचलेलं आहे हो," टेंबे म्हणाले. "ही कड बघा ना."

"कोर्सला लागलं होतं, काका. परीक्षेसाठी पोरांना वाचावंच लागतं."

टेंबे स्टुलावर खाली बसले. मग दुकान तसंच सोडून टेम्पोनं तुकोगंज गाठलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, नाही असं नाही. सगळं ऐकल्यावर विचारलं, "किताब किसने दी थी?" टेंबे म्हणाले, "मैंने." डॉक्टर म्हणाले, "तो फिर इसमें मैं क्या करूँ, अंकल?" आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी अनुश्री तांदूळ निवडत होती. टेंब्यांनी चपलाही न काढता सांगून टाकलं. "अनू, तू चुकली नाहीस. म्हणजे अट राहिली ती राहिली, पण ते परत यायला हवं होतं असं तुला वाटलं ते बरोबर होतं. पुस्तकच त्या कामाचं नव्हतं. मी निवडलं ते."

तिचा हात ताटात थांबला. "मी सगळ्यांसमोर सांगत होते बाबा, की परत येतं," ती म्हणाली. "ते हसले माझ्यावर."

"माझं चुकलं गं."

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता." ती पुन्हा निवडायला लागली. "पण आता लॅपटॉप उघडावासाच वाटत नाही. नको आता."

परीक्षा संपली आणि सुजय गाडी घेऊन आला. टेंब्यांनी यशवर्धनना विचारून, दुसऱ्या डेटाबेसचं, कोरं करकरीत पुस्तक आणलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते नवं पुस्तक विकत घेत होते. "खंडव्याला पण दवाखाने आहेत," ते म्हणाले. अनुश्रीनं पाया पडून पुस्तक पिशवीत ठेवलं. गाडी वळल्यावर ते घरात गेले, आणि दुपारपर्यंत त्यांना चहा करायचंही सुचलं नाही.

श्रावणात स्पृहाच्या वाढदिवसाला ते खंडव्याला गेले. अनुश्री भावाच्या दुकानात बसत होती, साबुदाण्याच्या, दाण्यांच्या पुड्या बांधत होती. तब्येत बरी होती, बोलली नीट, त्यांच्या आवडीचं वरणफळ केलं. ती आत पानं वाढत असताना टेंब्यांना फळीवर, स्पृहाच्या शाळेच्या पुस्तकांशेजारी, ते पुस्तक दिसलं. त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं होतं, वर धूळ नव्हती. किती जपलंय पोरीनं, म्हणून त्यांना बरं वाटलं.

मग सवयीनं त्यांनी ते उचललं, न उघडता आडवं धरलं आणि खिडकीच्या उजेडात नेलं. कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी होती.

"आबा, काय बघता?" स्पृहानं विचारलं.

"काही नाही गं," टेंबे म्हणाले आणि पुस्तक होतं तिथे ठेवून दिलं. "नवंच आहे अजून."