मागची खोली

पप्पांना अर्धांगवायू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "पहिले काही महिनेच काय ते महत्त्वाचे. स्वतःचं स्वतः करू द्या, तरच पाय सुटतील." पप्पांना स्वतःचं स्वतः काय करायचं होतं, तर संडासला जायचं होतं. आमचं घर बदलापूर गावातलं आणि संडास अंगणाच्या पार टोकाला. घरात ते भिंत धरून चालायचे, पण अंगणात धरायला भिंत नव्हती. तिथे मी होते. शेजाऱ्यांच्या खिडक्यांसमोरून लेकीच्या हाताला धरून जाताना ते मान खाली घालत. म्हणून घराला लागून मागे एक खोली काढायची ठरली, आतच संडास असलेली.

ठेकेदार गावातलाच. "ताई, पावसाच्या आधी राहायला जाल," असं छातीठोक सांगून गेला. जोतं झालं आणि त्याची माणसं कात्रपच्या कुठल्याशा बिल्डिंगवर गेली ती गेलीच. फोन केला की "उद्या". मग पाऊस लागला. भिंती उभ्या राहिल्या त्या गणपतीत. फळ्या ठोकल्या, सळ्या बांधल्या, आणि पितृपक्ष आला.

"पितरात स्लॅब नाय टाकत, ताई."

"आमच्यात पितरं नाहीत नि मुहूर्तही नाहीत," पप्पा पलंगावरून म्हणाले. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून घरात पंचांग आलेलं नाही.

"तुमच्यात नसतील, काका. पन मानसं माझी, फळ्या माझ्या. काय झालं तर बोल मला लागंल."

माझं डोकं सणकलं. पण भांडून करणार काय? दुसऱ्याचं अर्धवट काम कोणी हातात घेत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो पंधरवडा आम्ही परक्यांची पितरं पाळली.

त्याच पंधरवड्यात पप्पा अंगणातल्या शेवाळावर घसरले. तेव्हापासून आईने पलंगाशी भांडं ठेवलं. आधी रात्रीपुरतं, मग दिवसाही. "खोली होऊ दे, मग चालतो," पप्पा म्हणायचे.

स्लॅबच्या दिवशी मिक्सर सुरू व्हायच्या आधी ठेकेदाराने पिशवीतून नारळ काढला. मी नको म्हणणार, तेवढ्यात पप्पा हळूच म्हणाले, "फोडू दे गं. आपल्याला संडास पाहिजे." घरभरणीला नारळ आणला म्हणून सख्ख्या मित्राला उंबऱ्यावरून परत पाठवणारा माणूस हा! मी आत जाऊन रडले.

दिवाळीला मिस्त्री गावी गेले ते छठ करून, घरातली लग्नं आटपून आले. प्लास्टरवाला वेगळा, फरशीवाला वेगळा, नळवाला वेगळा, आणि प्रत्येकाचा उद्या वेगळा. घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही तर एक खोलीच बांधत होतो आणि तेवढ्यात आमचं वर्ष चाललं होतं. पप्पांनी हळूहळू विचारणं सोडलं. भिंत धरणंही सुटलं.

थंडी सरता सरता खोली झाली. आई आणि मी त्यांना खुर्चीत बसवून आत नेलं. कमोडशेजारी भिंतीत स्टीलचा दांडा बसवला होता. मी त्यांचा हात त्यावर ठेवला. त्यांनी मूठ आवळली, जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या. खुर्चीतून जरासुद्धा उठता आलं नाही. मग त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.

"छान झालंय," ते म्हणाले. "पाहुण्यांची सोय झाली."