अर्धा कोयता

साहित्य हे माणसाच्या दुःखातून जन्माला येतं, असं भानुदास सर म्हणायचे. म्हणताना मोबाईल तोंडासमोर आडवा, भाकरीचा तुकडा धरावा तसा धरलेला असायचा. कारण दुःख सर मोबाईलला सांगायचे आणि साहित्य मोबाईल काढून द्यायचा. सर आता मुलीकडे लातूरला असतात, म्हणून हे निवांतपणे लिहिता येतंय. कडा ह्या त्यांच्या गावी असताना ते दर रविवारी बीडला माझ्या घरी यायचे आणि तयार झालेलं साहित्य मला वाचून दाखवायचे. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, ही माझी चूक त्यांना ठाऊक होती.

मोबाईलमधल्या त्या कृत्रिम बुद्धीला ते 'गडी' म्हणायचे. "गडी लई हुशार हाय, प्राध्यापक. पगार न्हाई, उचल न्हाई, सांगितलं की लगेच लिहितो." गावातल्या लग्नपत्रिका, सत्काराची मानपत्रं, शोकसभेची भाषणं, सगळं गडी लिहायचा. एका मेंढपाळ म्हाताऱ्याच्या दहाव्याला सरांनी वाचून दाखवलं, "तात्या केवळ मेंढपाळ नव्हते, ते माळरानाचे दीपस्तंभ होते." तात्यांना मी ओळखत होतो. शिवी दिल्याशिवाय ते मेंढीलाही हाक मारत नसत. माझ्या मागे बसलेला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "तात्या एवढा मोठा व्हता, तर जित्तेपणी कावून सांगितलं न्हाई बे?"

इथपर्यंत मला त्रास नव्हता. मग सरांच्या पत्नी, कौसल्याबाई, गेल्या आणि वर्षश्राद्धाला त्यांच्यावरचं पुस्तक निघालं पाहिजे, असं सरांनी ठरवलं. ते प्रत्येक नातेवाइकाच्या हातात द्यायचं होतं. कौसल्याबाई उंच, काटक, मोजकं बोलणाऱ्या. सर शिक्षक होण्याच्या आधीपासूनच त्या त्यांना 'मास्तर' म्हणायच्या आणि त्या शब्दात आदर कुठेही सापडत नसे. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा चहा पुढे ठेवून म्हणाल्या होत्या, "ह्यांची कविता ऐकून झाली की दुसरा कप देते. तेवढ्यासाठी थांबा."

गड्याच्या हस्तलिखितात ह्या बाईंचा पत्ताच नव्हता. तिथे एक सोशिक स्त्री होती आणि ती पानोपानी केवळ काहीतरी नव्हती. केवळ पत्नी नव्हती, केवळ माता नव्हती, केवळ गृहिणी नव्हती. एका ठिकाणी तर ती सरांना म्हणते, "नाथ, तुमच्या स्वप्नांतच माझं आभाळ आहे."

"सर, ह्या असं कधी बोलल्या?"

"न्हाई बोलल्या," सर म्हणाले. "म्हणून तर."

मी प्रस्तावना लिहावी असं ठरलं होतं. चार दिवस डोकं खाजवून मी बसलो, तर सरांनी तयार प्रस्तावनाच समोर ठेवली. खाली माझं नाव. "तुमचा येळ कावून घालवायचा?" त्यात मी अश्रू आवरू शकलो नव्हतो. तेवढं मात्र खरं ठरण्याच्या बेतात होतं.

खरा वाद झाला तो कोयत्यावरून. आमच्या भागातून ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात आणि त्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटाच गेला तर तो अर्धा कोयता. शाळेत नोकरी लागायच्या आधी सर आणि कौसल्याबाई दोन हंगाम तोडीला गेले होते. सरांनी मोबाईलला सांगितलं होतं, 'लग्न झालं त्या साली आमी दोघं एक कोयता म्हणून गेलतो. आता मी अर्धा कोयता राहिलो.' गड्यानं लिहिलं, 'परिस्थिती इतकी हलाखीची होती की दोघांत मिळून एकच कोयता होता. आज माझ्या हाती उरला आहे तो त्या कोयत्याचा तुटका तुकडा.'

"सर, कोयते दोन होते ना?"

"दोनच व्हते. पण एक वाचायला बरं वाटतं."

मी कागद बाजूला ठेवले आणि शिकवताना कधी चढवला नव्हता असा आवाज चढवला. कड्यातलं शेंबडं पोरही ह्या वाक्याला हसेल, म्हणालो. सरांनी मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाले, "प्राध्यापक, तिचा आवाज ऐकू येतो मला. काय बोलायची ते मात्र आठवना झालंय. रोज थोडं थोडं जातंय. ह्यो गडी निदान तिला बोलती तरी करतो."

 मी कागद पुन्हा पुढे ओढले आणि शुद्धलेखन तपासू लागलो.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मी कड्याला गेलो होतो. कौसल्याबाईंची धाकटी बहीण, गंगूबाई, पालीहून आल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनी ओसरीवर बसून खणखणीत आवाजात पहिलं प्रकरण ऐकवलं. गंगूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "लई सोसलं बाईनं," त्या म्हणाल्या. "कुणाची कोण व्हती, दाजी?"

सरांनी चष्मा काढला. "तुझी अक्का हाय ती."

"अक्का?" गंगूबाईंचं रडणं जागीच थांबलं. "अक्का तुमाला नाथ कवा म्हनली? अन् एकच कोयता म्हंजी? अक्काचा कोयता माज्याकडं हाय की. तुमच्याला धार नसायची म्हनून ती तिच्याला हात लावू देत नव्हती तुमाला."

"माझ्याला धार व्हती," सर म्हणाले.

"व्हती तर मोळ्या कावून कमी पडायच्या?"

"मोळ्या कमी नव्हत्या. तीच म्हणायची कमी हायत. म्हणायची, मास्तर, ऊस तोडायलाय का त्याला धडा शिकवायलाय?"

बोलता बोलता सर थांबले. वर्षभर हरवलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. गंगूबाई मात्र थांबल्या नाहीत. दुपारभर दोघं तावातावानं भांडली आणि कौसल्याबाई त्या भांडणात मधेमधे बोलत राहिल्या. मोबाईल सरांच्या मांडीवर सुरूच होता. बोललो तसंच लिही, एक शब्द बदलू नको, अशी तंबी सरांनी त्याला दिली. त्यानं तसं लिहिलं आणि खाली विचारलं, हे अधिक हृदयस्पर्शी करून देऊ का?

"नको म्हनलं तरी इचारतो," सर वैतागून म्हणाले. "चिवट हाय."

जुनं हस्तलिखित गेलं, त्यासोबत प्रस्तावनेतले माझे अश्रूही गेले. त्या दुपारच्या भांडणाचा मजकूर जेमतेम बारा पानं भरला. वर्षश्राद्धाला पुस्तक वाटलं. तालुक्यातले एक पुढारी प्रकाशनाला आले होते. त्यांनी पुस्तक चाळलं, शेवटची चार कोरी पानं पाहिली आणि ती सभेपुढे उघडून धरली. ही कोरी पानं म्हणजे सरांच्या जीवनात निर्माण झालेली कधीही न भरून येणारी पोकळी आहे, असं ते म्हणाले. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावला.

छापखान्यात एक कागद दुमडून सोळा पानांचा फर्मा होतो, मजकूर बाराच पानांचा असला तरी.