बुवांचा वरचा सा
२० ऑगस्ट २०१८, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे: बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार आटोपून बुवा नेहमीप्रमाणे मला गाणे शिकवायला घरी आले आणि खोलीत सुरांआधी शेणाचा वास पसरला. त्यांची बोटे पेटीच्या एकाच पट्टीत चालत. त्यामुळे मलाही त्याच पट्टीत गावे लागे आणि वरच्या ‘सा’वर माझा आवाज फाटे. तसा तो फाटताच ते वडिलांना म्हणाले, “पोरगी बेसूर हाय, भाऊ. गणपतीत उभी करू नका, हसं व्हईल.” त्या एका कार्यक्रमासाठीच मी वर्षभर ही शिकवणी सोसली होती. “पट्टी खाली घेतली तर?” मी विचारले. “आमी तीस वरसं हीच वाजवतोय. पट्टी न्हाई, गळा बदलायचा असतो!” मी मोबाइलवर कंपने मोजणारे ॲप उघडले. “बुवा, पेटीशिवाय तुम्हीच हा वरचा सा लावून दाखवा.” त्यांनी डोळे मिटून सा लावला. पडद्याकडे न पाहताच वडील गहिवरले, “ह्याला म्हणत्यात गळा!” माझे नाव कार्यक्रमातून गेले. आज ध्वनिशास्त्रात संशोधन करतानाही इतके निश्चिंत अज्ञान मला पुन्हा आढळलेले नाही. पेटीप्रमाणे तो सा २७७ हर्ट्झचा हवा होता. बुवांचा भरला २६१, म्हणजे पूर्ण एक पट्टी खाली.