नेवाळीच्या धावपट्टीवर वासंतीबाई

वासंतीबाई फणसे गाडी शिकल्या त्या हौसेनं नव्हे. १९५३ साली त्यांचे यजमान डॉक्टर त्र्यंबक फणसे दवाखान्याच्या जिन्यावरून पडले आणि त्यांचा डावा खांदा निखळला. खांदा बसवला, पण हात पूर्वीसारखा वळेना. गिअर टाकताना कळ यायची. ठेवलेला ड्रायव्हर चार महिन्यांत ठाण्याच्या एका कारखान्यात लागला. दवाखाना कल्याणात पारनाक्याला असला तरी पेशंट पार म्हारळ, रायते, टिटवाळ्यापर्यंत पसरलेले. गाडी दारात उभी ठेवून भागणार नव्हतं. एका सकाळी चहा पिताना डॉक्टर म्हणाले, तूच शीक. बाई तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांनी तोवर सायकलसुद्धा चालवली नव्हती.

त्या शिकल्या. ठाण्याला जाऊन लायसन काढून आल्या. डॉक्टरांच्या काळ्या मॉरिसमध्ये नऊवारी सावरून बसलेल्या बाई दिसल्या की पारनाक्यावरचे लोक ओट्यावरून उठून बघायचे. पहिलं दीड वर्ष सगळं नीट गेलं.

मग पंचावन्नच्या नोव्हेंबरात मुरबाड रस्त्यावर ते घडलं. रस्त्याची दुरुस्ती चालली होती आणि एका वळणावर बारीक खडी पसरलेली होती. बाई वळणात शिरल्या तेवढ्यात डावीकडच्या शेतातून एक म्हैस रस्त्यावर आली. बाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. तिचा मागचा भाग पुढे यायला निघाला, झाडं डोळ्यांसमोरून आडवी सरकली, आणि गाडी आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मागचं एक चाक ओढ्याच्या काठावरून खाली लोंबत होतं. म्हैस रस्ता ओलांडून निघून गेली. कोणाला खरचटलंही नव्हतं. शेजारी डॉक्टर बसलेले होते. त्यांनी उजव्या हातानं दाराची मूठ घट्ट धरली होती आणि गावकऱ्यांनी गाडी वर ओढून घेईपर्यंत ती सोडली नाही.

त्या दिवसापासून बाईंच्या पोटात भीती बसली. व्हिजिटला जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून अन्न जायचं नाही. रस्त्यावर वळण दिसलं की तळहाताला घाम फुटायचा आणि स्टिअरिंग निसटेल असं वाटायचं. गाडी इतकी हळू जायची की मागून येणारे बैलगाडीवाले ओरडायचे. घरी त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी व्हिजिट बंद केल्या असत्या, आणि रायत्याला दोन गरोदर बायका दिवस मोजत होत्या.

हे ओळखलं ते रुडॉल्फनं. रुडॉल्फ माजिवड्याचा, जुन्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरातला. युद्धात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि आता ठाण्यात त्याचं गॅरेज होतं. डिसेंबरात बाई गाडी दाखवायला घेऊन गेल्या तेव्हा त्यानं चाक उतरवलं आणि बराच वेळ आत बघत बसला.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "मी सप्टेंबरात ब्रेकला नवीन लायनर टाकलेले. ते संपले. तुमचा पाय ब्रेकवरून उठतच नाय. कशाला एवढ्या घाबरता?"

बाईंना एकदम रडू फुटलं. गॅरेजच्या बाकड्यावर बसून त्यांनी म्हशीपासून सगळं सांगितलं. रुडॉल्फनं हात पुसत ऐकून घेतलं. मग त्यानं नेवाळीचं सांगितलं. कल्याणच्या दक्षिणेला, मलंगगडाच्या वाटेवर, युद्धात विमानांसाठी बांधलेली धावपट्टी होती. ती आता ओसाड पडली होती. मुंबईचा एक मोटर क्लब जानेवारीतल्या एका रविवारी तिथं स्पर्धा घेणार होता. दोन गाड्या शेजारी पळवायच्या नाहीत. रिकामी पिंपं मांडून वाट आखायची, एका वेळी एकच गाडी त्या वाटेनं सोडायची आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. पिंप पडलं की पाच सेकंद दंड. वाट चुकली तर ती फेरी बाद. प्रत्येकाला तीन फेऱ्या, आणि नवशिक्यांचा गट वेगळा.

बाई म्हणाल्या की त्यांना शर्यतीत काडीचा रस नाही. रुडॉल्फ म्हणाला, शर्यत जाऊ द्या. तिथं ना ओढा, ना झाड, ना म्हैस. गाडी घसरली तर गवतात जाईल. घसरण काय असते ती एकदा नीट बघून घ्या.

घरी येऊन त्यांनी डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते नाही म्हणतील अशी त्यांची जवळजवळ खात्री होती. तशी थोडी आशाही होती.

"तुला भीती वाटते ते मला ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या शेजारी बसताना मलाही वाटते. जा तू."

त्या रविवारी सकाळी नेवाळीच्या माळावर वीस-बावीस गाड्या जमल्या होत्या. बहुतेक मुंबईचे लोक, गॉगलवाले, एकमेकांना ओळखणारे. गाडी चालवणाऱ्या बाई या एकट्याच. रुडॉल्फनं आल्या आल्या मॉरिस रिकामी करायला लावली: औषधांची पेटी, छत्री, पाण्याचा फिरकीचा तांब्या, सगळं बाहेर. वळताना सुटी वस्तू पायाखाली आली तर ब्रेक दाबता येत नाही, असं त्याचं म्हणणं. मग टायरांत हवा भरली आणि बाईंना आखलेल्या वाटेवरून पायी चालायला लावलं. एकदा नव्हे, तीनदा. चौदा पिंपं होती. शेवटची तीन डांबर संपून मुरूम लागतो तिथं, गोल वळणावर ठेवलेली. तो मुरूम पायाखाली करकरला तशा बाई जागच्या जागी थांबल्या.

रुडॉल्फ चालता चालता सांगत होता. नजर जवळच्या पिंपावर नको, पुढच्यावर ठेवा. ब्रेक सरळ वाटेत मारा, वळणात नको. मागचा भाग पळाला तर तो ज्या बाजूला पळेल त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवा, आणि ब्रेकवरचा पाय काढा. बाई हो हो म्हणत होत्या, पण कानात नुसतं घोंगावत होतं. नाव पुकारायच्या आधी त्या गाड्यांच्या मागे जाऊन ओकल्या. तोंड धुऊन परत आल्या तेव्हा वाटलं, इथूनच घरी जावं. पण गाडी रांगेत लागली होती आणि मागे दुसऱ्या गाड्या होत्या. मागे घ्यायला जागा नव्हती.

झेंडा पडला आणि मॉरिस बंद पडली. क्लच फार लवकर सुटला होता. पुन्हा चालू केली, निघाल्या, आणि सहाव्या पिंपाशी उजवीकडे जायचं ते डावीकडे गेल्या. फेरी बाद. दुसऱ्या फेरीत त्या एकदाही चुकल्या नाहीत, पण अंतर संपवायला त्यांना दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद लागले. दिवसभरात तेवढा वेळ कोणालाच लागला नाही. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे कोणीतरी हसलं. सोबत आलेले डॉक्टर दोरीला धरून उभे होते, ते हसणाऱ्याकडे बघतही नव्हते.

तिसऱ्या फेरीआधी रुडॉल्फ खिडकीशी आला आणि शांतपणे म्हणाला, "आता घसरवायची. मुरमावर जाईपर्यंत ब्रेकला शिवायचं नाय."

बाईंना नंतर त्या फेरीतली पहिली अकरा पिंपं आठवत नसत. मुरूम आठवे. गाडी त्यांच्या मानानं फार जोरात वळणात शिरली आणि मागचा भाग डावीकडे निघाला. तोच मुरबाड रस्त्यावरचा धक्का. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, पण उशीर झाला होता आणि पाय सवयीनं ब्रेकवर गेला होता. गाडी भोवऱ्यासारखी पूर्ण फिरली. एक पिंप खणखणत लांब गेलं. धुळीनं काच लाल झाली.

मग सगळं थांबलं. बाईंनी डोळे मिटले होते, ते उघडले. धूळ खाली बसत होती. समोर मलंगगड, आजूबाजूला गुडघाभर वाळलेलं गवत. बाकी काही नाही. इंजिन चालूच होतं. डॉक्टर आपला अधू हात छातीशी धरून माळावरून धावत येत होते. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना थांबायची खूण केली, पहिला गिअर टाकला आणि उरलेली दोन पिंपं पार करून शेवटच्या रेषेवर गेल्या. तिथं उतरल्या. दाराला टेकून त्यांनी रुडॉल्फला विचारलं, परत एकदा करता येईल का.

स्पर्धेत येणार नव्हतं. पण जेवणाच्या सुट्टीत वाट रिकामी होती आणि रुडॉल्फनं क्लबच्या लोकांशी बोलून परवानगी काढली. बाकीचे डबे सोडून बसले असताना बाईंनी त्या मुरमावर सात वेळा गाडी घसरवली. पहिल्या चार वेळा ती फिरली. पाचव्यांदा त्यांनी पाय उचलला, स्टिअरिंग वेळेवर वळवलं आणि गाडी डुलत डुलत सरळ झाली. सहाव्यांदा पुन्हा फिरली. सातव्यांदा सरळ. प्रत्येक वेळी त्या तेवढ्याच घाबरल्या. पण घाबरल्यावर हातांनी काय करायचं ते आता हातांना समजत होतं.

नवशिक्यांत त्या शेवटच्या आल्या. संध्याकाळी परतताना गाडी त्यांनीच चालवली. नेहमीपेक्षा जोरात नव्हे, पण डॉक्टर म्हणाले की बैलगाडीवाले ओरडले नाहीत.

त्यानंतर दर जानेवारीत त्या नेवाळीला जात राहिल्या. अठ्ठावन्न साली लहान गाड्यांत तिसऱ्या आल्या आणि एक चषक मिळाला. तो दवाखान्यात थर्मामीटर ठेवायला गेला. ओकारी मात्र सुटली नाही. नाव पुकारायच्या आधी त्या गाड्यांमागे जात, आणि क्लबातले लोक तिकडे पाठ करून उभे राहत.

एकोणसाठ साली नवशिक्यांना पायी वाट दाखवायचं काम क्लबनं त्यांच्यावर सोपवलं. त्या सकाळी ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसमधले प्रभाकर म्हणून एक कारकून मेहुण्याची गाडी घेऊन आले होते. चाळिशीचे गृहस्थ, ओठ कोरडे पडलेले. नवव्या पिंपाशी ते थबकले आणि हळूच विचारते झाले, बाई, ही भीती जाते कधी?

"माझी नाही गेली," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. "हे पिंप डावीकडून घ्या. आणि नजर पुढच्यावर ठेवा."

प्रभाकर मान हलवून त्यांच्या मागून चालू लागले.