नाव शाळेच्या टाकीचं

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे नाकवाली बाई म्हणत. बाटलीचं बूच काढलं की वासावरूनच ती पाणी ओळखायची. बावीस वर्षं घाण हुंगून तिला कशाची किळस म्हणून उरली नव्हती. कॉम्प्युटरचा मात्र धसका होता.

सकाळी कॉम्प्युटरवर पायथन हा प्रोग्राम उघडला की जुने आकडे चढायलाच वीस मिनिटं लागत. म्हणून पडद्यावरची पायथनची खिडकी बंद करायची नाही आणि अहवाल तयार करणारी स्क्रिप्ट तिच्यातूनच चालवायची, असा साहेबांचा हुकूम. पहिल्या दिवशी तिने साहेबांनी दिलेल्या कागदावरची अख्खी ओळ जशीच्या तशी टाइप केली: पायथन, स्क्रिप्टचं नाव, टाकीचं नाव, आकड्यांची फाइल. एरर आली. चारदा आली. शेवटी तिने सुनेला फोन लावला.

"आई, तुम्ही आधीच पायथनच्या आत आहात," सून म्हणाली. "घरात बसून दार कशाला वाजवताय? आत आर्गव्ही नावाची यादी असते. तिच्यात स्क्रिप्ट, टाकी, फाइल असं ओळीने भरा आणि मग स्क्रिप्ट चालवा. पण दर वेळी तिन्ही बघून भरा. एखादं जुनं राहिलं तरी ती मुकाट्याने चालेल."

ते तिला जमलं.

पुढे ती दोन दिवस रजेवर गेली. परत आल्यावर सवयीने वरच्या बाणाची कळ दाबली, तर आधी टाइप केलेली शेवटची यादी समोर आली. टाकीचं नाव शाळेचं, आकड्यांची फाइल मात्र डोंगरावरच्या स्वच्छ टाकीची. शाळेच्या बाटलीला कुजका वास होता, तो तिने रजेआधी स्वतः घेतला होता. आणि टेबलावर साहेबांच्या सहीचा अहवाल पडला होता: शाळेच्या टाकीचं पाणी पिण्यायोग्य.

"साहेब, ही यादी चुकलीय का?"

"चुकली कसली? मीच भरली," साहेब चहा फुंकत म्हणाले. "पुढच्या आठवड्यात टाकी धुणारच आहेत. उगाच बोभाटा कशाला?"

"तोवर पोरं काय पितील?"

"आजवर पीतच होती की."

साहेबांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला, ते तिला किळसेने बघवेना. ती जागेवर आली, यादी नीट भरली, स्क्रिप्ट चालवली. नाकाने सांगितलं होतं तेच आकड्यांनी सांगितलं. तपासनीस म्हणून सही ठोकून ती कागद घेऊन शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकेच्या हातात दिला. तासाभरात नळ बंद झाले. टाकीतून सडलेलं कबुतर निघालं.

गफलत आपणच पकडली, असं साहेबांनी वर कळवलं. त्यांना शाबासकी मिळाली आणि तिला रिकाम्या बाटल्या धुण्याच्या खोलीत टाकलं.

"मनाला लावून घेऊ नका, बाई," साहेब तोंडभर हसून म्हणाले.

ती पिशवी उचलून निघाली. घरी सुनेने काय झालं ते विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "त्या कबुतराजवळ मी उभी राहू शकले. या माणसाजवळ नाही उभं राहवलं."